नकार नेमका कुणाचा?

'ह्याला अकरा चढंना हो भैय्या.'

२०२५च्या दिवाळीच्या आगेमागे परभणीच्या स्टेशन रोड भागातल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य दिवसभर ऐकू येत होतं. पालम, सोनपेठ, जिंतूर, सेलू अशा तालुक्यांतून माणसं सीपीयूचा डबा पोत्यात गुंडाळून एसटीनं आणत होती. कारण साधं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली. मशीन त्या तारखेनंतरही चालत राहतं; फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं. त्याच काळात अतिवृष्टीनं मराठवाडा झोडपला होता, अनुदानाच्या याद्या, लाडकी बहीणची ई-केवायसी अशा कामांनी गावोगावच्या सेवा केंद्रांवर रांगा होत्या. ज्या मशीनवर शेकडो लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती उघडतात, ते मशीन दुरुस्त्यांविना चालवणं ही हलकी गोष्ट नाही.

विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ला आली. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या तिच्या अटी सगळ्यांना समजतात. घोळ होतो तो बाकीच्यांवर: टीपीएम २.० ही किल्ल्या-कुलपं सांभाळणारी सोय, मशीन सुरू होताना फक्त खात्रीचाच प्रोग्रॅम चालू देणारं सिक्युअर बूट, आणि प्रोसेसरांची एक यादी, जी ढोबळमानानं इंटेलच्या ८व्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. यातली एक जरी अट अडली की गिऱ्हाईक एकच वाक्य घेऊन येतं, 'प्रोसेसर सपोर्ट करत नाही.' आणि त्या वाक्यावर धडधाकट मशीन भंगारात जातं. पाऊस पीक घेऊन गेलेल्या वर्षी वीस-पंचवीस हजारांचा नवा डबा गळ्यात मारणं मला अन्याय वाटतो. म्हणून हा नकार नेमका कुणाचा असतो, ते बघायला मी या दुकानातल्या टेबलाशेजारी बसू लागलो.

पालमचे एक काका सेवा केंद्र चालवतात. त्यांचं मशीन टेबलावर आलं. दुकानदारानं डबा उघडला नाही, आधी सिस्टिम इन्फर्मेशनचं पान उघडलं आणि चार ओळी कागदावर उतरवल्या: प्रोसेसरचं पूर्ण नाव, मदरबोर्डचं नाव, बायोसची आवृत्ती व तारीख, आणि बायोस मोड. प्रोसेसर होता रायझन ३ ३२००जी. तो यादीत आहे. म्हणजे इथं प्रोसेसरचा दोषच नव्हता. शेवटची ओळ मात्र 'लेगसी' सांगत होती आणि बायोस २०१९चा होता.

पूर्ण नाव लिहून घेण्याला कारण आहे. रायझन ३ २२००जी हा नुसत्या आकड्यावरून २००० मालिकेतला वाटतो, पण त्याची आतली रचना 'झेन' या एएमडीच्या आराखड्याच्या पहिल्या पिढीची, त्यामुळे तो यादीबाहेर. रायझन ५ २६०० आत, कारण तो झेन प्लस. काकांचा ३२००जी सुद्धा झेन प्लसच. 'रायझन आहे' एवढ्यावर निदान करणारा माणूस दोन्हीकडं चुकतो.

बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या छोट्या चिपमधला पहिला प्रोग्रॅम. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम पहाटे एकेकाला उठवतो, कोण आलं कोण नाही ते बघतो आणि मग फडावर नेतो; बायोस प्रोसेसर, रॅम, डिस्क यांना तसाच उठवतो आणि मग ताबा विंडोजकडं देतो. काकांच्या बोर्डावर हे काम जुन्या लेगसी पद्धतीनं चालत होतं, तर सिक्युअर बूटला यूईएफआय ही नवी पद्धत लागते. टीपीएमची सोय एएमडीच्या प्रोसेसरातच फर्मवेअरच्या रूपानं होती, पण त्या काळच्या बहुतेक बोर्डांप्रमाणे बंद ठेवलेली. बोर्डवाल्यांनी ती आपोआप चालू ठेवणारे बायोस २०२१मध्ये, विंडोज ११ची घोषणा झाल्यावर काढले.

मग दोन बटणं दाबली की झालं? नाही, आणि इथंच घरच्या घरी प्रयोग करणारे अडकतात. डिस्कची मांडणी जुनी, म्हणजे एमबीआर, असेल आणि आधी बायोसमध्ये जाऊन लेगसी बंद केलं, तर मशीन उठतं पण त्याला विंडोज सापडत नाही. 'काका, आधी डिस्क बघू द्या,' म्हणत दुकानदारानं सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. मग एमबीआर२जीपीटी हे विंडोजमधलंच हत्यार आधी नुसत्या तपासणीसाठी चालवलं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते तिथंच नाही म्हणतं. इथं हो म्हणालं, मग खरं रूपांतर. त्यानंतर यूईएफआय, आणि टीपीएम सगळ्यात शेवटी. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ते या सगळ्याआधी तात्पुरतं थांबवायचं, नाहीतर बायोस बदलताच मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती जपून ठेवलेलं गिऱ्हाईक विरळा.

पण टीपीएम चालू करण्याआधी त्यानं बायोस नवा करायचं ठरवलं. याला ठोस कारण होतं. काही रायझन मशीनांत फर्मवेअर टीपीएम चालू असताना मधूनच सगळं क्षणभर अडखळतं, असं एएमडीनं २०२२च्या मार्चमध्ये मान्य केलं होतं. त्यावरची दुरुस्ती पुढच्या बायोसमधून आली. जुन्या बायोसवर टीपीएम चालू केला असता तर काका महिन्याभरानं 'अंगठा घेताना मशीन अटकतंय' म्हणत परत आले असते.

नवा बायोस म्हणजे चांगला बायोस, असंही डोळे मिटून धरता येत नाही. एएमडीच्या एएम४ खाचेच्या सुरुवातीच्या बोर्डांपैकी अनेकांवर बायोसची चिप १६ एमबीची. एएमडीनं एकाच खाचेत इतक्या पिढ्यांचे प्रोसेसर बसवायची मुभा दिली की सगळ्यांचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरला लागणारा आतला प्रोग्रॅम, त्या चिपमध्ये मावेना. म्हणून बऱ्याच कंपन्यांनी नव्या बायोसमधून जुन्या ए-सिरीज प्रोसेसरांचा आधार काढून टाकला. तसा प्रोसेसर असलेल्या बोर्डावर शेवटचा बायोस मारला, तर पडद्यावर काहीच येत नाही आणि बोर्ड मेला असं वाटतं. त्यामुळे दुकानदार कंपनीच्या पानावर प्रोसेसरांचा तक्ता उघडून कोणत्या आवृत्तीपर्यंत कोणता प्रोसेसर चालतो, ते बोट ठेवून वाचतो. बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन आकडाही टॉर्च मारून बघतो, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनना वेगळे बायोस लागू शकतात.

आणि मग वीज. चिप पुसून पुन्हा लिहिली जात असते त्या दोन-चार मिनिटांत वीज गेली, तर मुकादमच उरत नाही. परभणीत वारं सुटलं तरी लाईट जाते. दुकानदारानं यूपीएस आधी अजमावला: मशीन बायोसच्या पानावर चालू ठेवून प्लग सरळ उपटला आणि बॅटरी किती तग धरते ते घड्याळ लावून बघितलं. त्याच वेळी बोर्डावरचा गोल सेल बदलला. सीआर२०३२, किराणा दुकानातही मिळणारा. तो संपलेला असेल तर मशीन बंद होताच तारीख मागं जाते आणि केलेल्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. तारीख चुकली की सरकारी संकेतस्थळंही उघडत नाहीत, आणि लोक नेटवाल्याला फोन करत बसतात. बायोसची फाईल एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर टाकून ती बोर्डाच्या स्वतःच्या मेन्यूतूनच मारली. विंडोजमधून मारायची सोय असते, पण मध्येच विंडोज अडकली तर काय, म्हणून तो ती वापरत नाही.

या सावधगिरीची किंमत शेजारच्या टेबलावर पडलेली होती. कुणीतरी घरी बायोस करताना वीज गेलेला एक लॅपटॉप. दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळा. दुकानदारानं मागचं झाकण काढून भिंगाखाली आठ पायांची चिप शोधली, तिच्यावरचा क्रमांक वाचला. हा क्रमांक का वाचायचा, तर काही चिप ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८च्या, आणि चुकीचा दाब दिला तर उरलीसुरली चिपही जाते. मग चिमटा लावून प्रोग्रॅमरवर आतला मजकूर जसा आहे तसा वाचून घेतला. एकदा नाही, दोनदा. दोन्ही फायली तंतोतंत जुळल्या, तेव्हाच चिमटा नीट बसलाय याची खात्री झाली. मला वाटलं होतं, कुठूनतरी त्या मॉडेलची फाईल आणायची आणि टाकायची. तो म्हणाला, 'टाकली तर चालू होईल बी, पण मशीनचा सिरियल नंबर, लॅनचा पत्ता, विंडोजची की, सगळं ह्याच चिपात असतंय. दुसऱ्याची फाईल टाकली की मशीन दुसऱ्याच्या नावानं उठतंय.' त्यानं कंपनीच्या फाईलमधला बिघडलेलाच भाग घेतला, ओळखीचा भाग जुन्या वाचनातून उचलून जागेवर ठेवला आणि मग लिहिलं. या कामाला दोन तास गेले आणि त्यातला बहुतेक वेळ वाचण्यात गेला.

काकांच्या मशीनचा बायोस सुखरूप झाला, तपासणीत सगळ्या खुणा हिरव्या आल्या, विंडोज ११ चढायला लागली आणि अर्ध्यातून मागं फिरली. पडद्यावर ०एक्ससी१९००१०१ने सुरू होणारा आकडा. काका लगेच म्हणाले, 'बगा, म्हणलो होतो का नाही, प्रोसेसरच.' पण तो आकडा बहुतेक वेळा ड्रायव्हरकडं बोट दाखवतो. विंडोज आपल्या प्रयत्नाची नोंदवही पँथर नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते; तिच्या शेवटच्या ओळींत अंगठ्याच्या मशीनचा जुना ड्रायव्हर अडलेला दिसत होता. तो काढला, अंगठ्याचं मशीन, सहीचा डोंगल, प्रिंटर सगळं उपसून फक्त कीबोर्ड-माऊस ठेवले. दुसऱ्या खेपेला अकरा चढली. मग नवे ड्रायव्हर एकेक करून.

मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मशीनची गोष्ट निराळी. इंटेलचा ४थ्या पिढीचा आय३, एसएसडी टाकलेली, हिशेबाचं काम झपाझप होतं. विंडोज ११ला लागणाऱ्या सूचना त्या चिपला समजतात, पण ती यादीत नाही. म्हणजे नकार चिपचा नाही, बोर्डाचा नाही, यादीचा. यादीला तांत्रिक आधार मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण पेलायला प्रोसेसरमध्ये एक खास सोय असावी लागते; नसेल तर तेच काम सॉफ्टवेअरनं होतं आणि मशीन मंदावतं. पण मायक्रोसॉफ्टच्याच म्हणण्यानुसार ती सोय इंटेलमध्ये ७व्या पिढीपासून आणि एएमडीत झेन २पासून आहे. यादीनं मात्र इंटेलची ७वी पिढी जवळजवळ सगळी वगळली आणि झेन प्लस आत घेतला. ७व्या पिढीतल्या ज्या मोजक्यांना प्रवेश मिळाला, त्यांतला आय७-७८२०एचक्यू मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २मध्ये बसवलेला होता. हे मला पटत नाही. अशा रेघेमुळं जगभर चालू स्थितीतली मशीनं कचऱ्यात जातात, आणि ती ओढणाऱ्याला परभणीतल्या माणसाची कमाई माहीत नसते.

तपासणी चुकवून अकरा चढवायच्या वाटा आहेत, दुकानदाराला त्या येतात. व्यापाऱ्याला तो नाही म्हणाला, कारण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरगुती वापरासाठी विंडोज १०च्या वाढीव दुरुस्त्यांची नोंदणी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे, धंद्याच्या मशीनांना वेगळे पैसे भरून. तोवर थांबा आणि पुढच्या हंगामात बोर्ड-प्रोसेसर बदला, डबा, एसएसडी, वीजपुरवठा तसाच राहील, असं त्यानं सांगितलं.

अपडेटनंच चांगली मशीनं पाडल्याचा इतिहासही फार जुना नाही. २०१८च्या जानेवारीत मेल्टडाऊन आणि स्पेक्टर या दोषांवरची दुरुस्ती चढताच काही जुनी एएमडी मशीनं उठेनाशी झाली आणि मायक्रोसॉफ्टला ती त्यांच्यापुरती थांबवावी लागली. त्याच महिन्याच्या २२ तारखेला इंटेलनं आपला नवा मायक्रोकोड पुढं वाटू नका असं सांगितलं, कारण हॅसवेल आणि ब्रॉडवेल या इंटेलच्या जुन्या पिढ्यांची मशीनं त्यानं आपोआप रीस्टार्ट होत होती. म्हणून सेवा केंद्राचं मशीन हा दुकानदार अपडेट आल्याच्या पहिल्या आठवड्यात हातात घेत नाही.

चिपचा खराखुरा नकारही मी बघितला. सेलूच्या एका निवृत्त गुरुजींचं कोअर २ डुओ. कुणीतरी त्याच्यावर तपासणी चुकवून अकराची आधीची आवृत्ती चढवून दिली होती आणि ती दोन वर्षं चालली. २०२४ची २४एच२ टाकल्यावर मात्र मशीन उठायचं, बंद पडायचं, परत उठायचं. त्या आवृत्तीला पॉपसीएनटी ही सूचना लागते. आकड्यातले एक मोजण्याची ती सूचना इंटेलच्या घरगुती चिपांत २००८च्या अखेरीस पहिल्या कोअर आय७बरोबर आली. कोअर २ डुओला ती ठाऊकच नाही. तिथं ना बायोस उपयोगी, ना कुठली पळवाट. गुरुजींना सातबारा बघायचा होता, कीर्तनं ऐकायची होती, मराठीत पत्रं लिहायची होती. दुकानदारानं ६४ बिटचं डेबियन टाकून दिलं, मराठी कीबोर्ड बसवला आणि कोणत्या कळेनं जोडाक्षर होतं ते अर्धा तास शिकवलं.

आता दुकानदाराच्या वहीत नवा रकाना आहे. सिक्युअर बूट ज्या दाखल्यांवर चालतं ते २०११चे. त्यांची मुदत २०२६च्या जूनपासून संपत जाते. म्हणून मशीन बंद पडत नाही, पण नवे, २०२३चे दाखले आत गेले नाहीत तर बूटच्या टप्प्यावरच्या पुढच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. बहुतेक ठिकाणी ते विंडोजच्या अपडेटमधून येतात, काही जुन्या बोर्डांना मात्र त्यासाठीही बायोस नवा करावा लागतो. म्हणून प्रत्येक मशीनचं गाव, बोर्ड, रिव्हिजन, बायोसची तारीख आणि दाखला नवा की जुना, हे तो लिहून ठेवतो. जुना दिसला की आधी फोन सेवा केंद्रवाल्यांना जातो, मग बाकीच्यांना.