आधी हात, मग मन

'मन लागत नाही' ही तक्रार शिक्षकांच्या कानावर नेहमीच पडते. या तक्रारीत एक समजूत दडलेली असते: आधी मन लागावे, मग काम व्हावे. एरवी हा क्रम चालून जातो. नैराश्य या आजारात मात्र तोच माणसाला अडकवून ठेवतो. मन लागण्याची वाट पाहता पाहता कामे सुटत जातात आणि कामे सुटली की मन आणखी उडते. हा क्रम उलटा करता येईल का? आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा का? या दोन्ही प्रश्नांवर आपल्या शेजारच्या गोव्यात एक नेटका प्रयोग झाला आहे. त्याची माहिती येथे करून घेऊ.

दुःख वेगळे, नैराश्य वेगळे

परीक्षेत गुण कमी पडले, घरात कोणी गेले, मोहोर गळून आंब्याचे वर्ष वाया गेले, तर दुःख होणारच. ते आजाराचे लक्षण नव्हे. परंतु उदासपणा किंवा कशातच गोडी न वाटणे दिवसातला बहुतेक वेळ, निदान दोन आठवडे टिकले आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडली, थकवा आला, स्वतःविषयी अपराधी वाटू लागले, मरणाचे विचार येऊ लागले, तर त्याला नैराश्य म्हणतात. अंगदुखी आणि अशक्तपणा ही तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या माणसाच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते.

वैभववाडी तालुक्यातले एखादे घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. मुलगे मुंबईला, घरात आई एकटी. आजारपणात तिचे बाजाराला जाणे सुटते. बरी झाल्यावरही 'आज नको' म्हणून ती घरीच राहते. बाजारात भेटणाऱ्या मैत्रिणी भेटत नाहीत, भजनाला जाणे थांबते, परसातली भाजी सुकते. मुलाचा फोन एक दिवस चुकतो. 'कामात असेल' असे पूर्वी वाटले असते, आता वाटते, 'आपली कोणाला गरज उरली नाही.' या विचाराने मन खचते, खचलेले मन अंथरूण सोडू देत नाही, आणि अंथरुणात पडून तोच विचार पुन्हा घोळतो. विचार, भावना आणि वर्तन यांचे हे वर्तुळ आहे. सुरुवात कोठूनही झाली तरी तिन्ही एकमेकांना पोसतात.

वर्तुळ कोठे तोडायचे?

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विचारांच्या बाजूने हे वर्तुळ तोडण्याची पद्धत मांडली. मराठी वाचकांना ती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे 'विवेकनिष्ठ' या नावाने ओळखीची आहे. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक यांना १९६० च्या दशकात आढळले की, नैराश्यग्रस्तांच्या मनात 'मी कुचकामी', 'पुढे काही चांगले होणार नाही' असे विचार आपोआप, क्षणार्धात येऊन जातात आणि माणूस ते तपासून न पाहता खरे मानतो. बेक यांच्या उपचारात रोगी आपले विचार कागदावर उतरवतो, त्यांच्या बाजूचा आणि विरुद्ध पुरावा मांडतो, आणि ठरवून लहान कामे करून पाहतो. विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणाऱ्या या पद्धतीला बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात.

येथे एक शंका येते. उपचारातला नेमका कोणता भाग गुण देतो? अमेरिकेत नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याची परीक्षा घेतली. एका गटाला पूर्ण उपचार दिला, तर दुसऱ्याला त्यातला फक्त ठरवून कामे करण्याचा भाग दिला. दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. पुढे २०१६ मध्ये इंग्लंडमधील ४४० रोग्यांच्या चाचणीतही असेच दिसले: कमी प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दिलेला हा साधा उपचार तज्ज्ञांनी दिलेल्या पूर्ण उपचाराहून उणा ठरला नाही.

ही बाब आपल्या दृष्टीने मोलाची आहे. वैभववाडीहून मोठे रुग्णालय गाठायचे तर करूळचा घाट चढून कोल्हापूरला, नाहीतर ओरोसला जावे लागते. दर आठवड्याला मजुरी बुडवून कोण जाईल? उपचार शिकवायला सोपा असेल, तर तो गावातच पोचवता येईल.

गोव्यातील प्रयोग

'संगाथ' ही गोव्यातील संस्था १९९६ मध्ये सुरू झाली. कोंकणीत या शब्दाचा अर्थ सोबत असा आहे. तिच्या संस्थापकांपैकी एक, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या १८ ते ६५ वयाच्या लोकांची नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीने तपासणी केली. तिचे गुण ० ते २७ असतात. १५ किंवा अधिक गुण, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ जण २०१३ ते २०१५ या काळात प्रयोगात घेतले गेले.

उपचार करणारे डॉक्टर नव्हते. ती त्याच परिसरातली, मानसोपचाराचा पूर्वानुभव नसलेली माणसे होती. त्यांना सुमारे तीन आठवड्यांचे वर्ग आणि त्यानंतर देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, असे प्रशिक्षण मिळाले. बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून ते एकमेकांच्या कामाला गुण देत. प्रत्येक रोग्याला आठवड्याला एक, अशा ६ ते ८ बैठका मिळायच्या. प्रत्येक बैठक ३० ते ४० मिनिटांची, आरोग्य केंद्रात किंवा घरी.

बैठकीत काय होई? दिवसभरात काय केले आणि तेव्हा कसे वाटले, हे आधी पाहायचे. मग सुटलेल्या कामांपैकी एखादे लहान काम निवडून त्याचा वार आणि वेळ ठरवायची. आपल्या कल्पनेतल्या आईसाठी 'बाजाराला जा' हे फार मोठे काम आहे. 'उद्या सकाळी आठ वाजता परसात जाऊन दोन वाफ्यांना पाणी घाला' हे तिला जमेल. पुढच्या भेटीत ते झाले का, झाले नसेल तर कशामुळे अडले, हे पाहून पुढची पायरी ठरवायची. पैशाची, घरातल्या कलहाची, झोपेची अडचण असेल तर तिच्यावरही उपाय शोधायचा.

आकडे कसे वाचावे?

आम्ही संशोधक अशा वेळी आधी एक प्रश्न विचारतो: उपचार नसता तर काय झाले असते? पुष्कळ आजार काळानेही उतरतात. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गट केले होते. दोन्ही गटांतील रोग्यांच्या तपासणीचा निकाल डॉक्टरांना कळवला होता आणि उपचाराची मार्गदर्शिकाही दिली होती. एका गटाला त्याशिवाय या बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनी, कोण कोणत्या गटात आहे हे माहीत नसलेल्या व्यक्तींनी पुन्हा तपासणी केली.

बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे गुण १० च्या खाली आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. यश ६४ टक्क्यांचे मानायचे नाही, फरकाचे म्हणजे २५ टक्क्यांचे मानायचे. दर चार रोग्यांमागे, एरवी बरा झाला नसता असा एक जण या बैठकांमुळे बरा झाला. गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावे. वर्षभरानंतरही उपचार मिळालेला गट पुढेच होता. लाभाचा निम्म्याहून अधिक भाग रोग्यांचा दिनक्रम पुन्हा सुरू होण्याशी जोडलेला आढळला. म्हणजे आधी हात हलले, मन मागून आले.

दुसरी बाजूही लपवू नये. उपचार मिळूनही सुमारे एक-तृतीयांश लोक तीन महिन्यांत बरे झाले नव्हते. त्यांना औषधांची, तज्ज्ञांची गरज लागते. चालू असलेली औषधे या उपचाराच्या भरवशावर मनाने बंद करणे धोक्याचे आहे.

चिंतेचे वर्तुळ

चिंतेतही वर्तुळ असेच असते, फक्त तेथे टाळणे मुख्य. तोंडी परीक्षेला घाबरणारी मुलगी त्या दिवशी घरी राहते. तिला लगेच हायसे वाटते, आणि ते हायसे वाटणेच टाळण्याची सवय पक्की करते. 'गेले असते तर निभावले असते' हे तिला कधी कळतच नाही. उपाय पायऱ्यांचा: आधी एका मैत्रिणीपुढे उत्तर सांगायचे, मग चौघींपुढे, मग शिक्षकांपुढे एकटीने, मग वर्गात. प्रत्येक पायरीवर भीती थोडी उतरेपर्यंत थांबायचे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती, तो खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणून घालवली होती. तत्त्व बरेचसे तेच.

शाळेत काय करता येईल?

शिक्षकाने उपचारक होऊ नये, पण पहिली ओळख त्यालाच पटू शकते. खेळणारा मुलगा खेळायचा थांबला, बोलकी मुलगी गप्प झाली, गैरहजेरी वाढली, तर एकांतात विचारावे आणि मध्येच उपदेश न करता ऐकावे. 'मनावर घे, सगळे ठीक होईल' हा सल्ला निरुपयोगी, कारण ज्याला मनावर घेता येते तो आजारी नसतो. त्याऐवजी एक लहान, वेळ ठरलेले काम त्याच्याबरोबर ठरवावे आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारावे. झाले नसेल तर रागावू नये, काम आणखी लहान करावे.

मरणाची भाषा कानावर आली तर मात्र थांबू नये. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या मुलाला एकटे सोडू नये, पालकांना सांगावे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते. हा क्रमांक शाळेच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.