पत्र्याला वळण देणारे रोल
रोल फॉर्मिंगमध्ये पोलादाची लांब पट्टी रोलांच्या एकामागून एक जोड्यांतून जाते आणि हळूहळू आकार घेते. खराडीतल्या आयटी इमारतींसारख्या ठिकाणी जिप्समच्या भिंती आणि फॉल्स सीलिंगमागे दडलेले पत्र्याचे चॅनेल सहसा असेच बनतात. प्रत्येक जोडी पट्टीला काही अंशच वाकवते. हा संयमच या प्रक्रियेचा प्राण. घाई केली तर कडा मधल्या भागापेक्षा जास्त ताणल्या जातात, त्यांना लाटा येतात किंवा अख्खा चॅनेल पिळवटतो. शिवाय दाब सुटताच पोलाद थोडे मागे उसळते, म्हणून रोल त्याला हव्या त्या कोनापेक्षा किंचित जास्त वाकवतात. धातू तापवावा लागत नाही, जाडीही जवळपास तीच राहते. शेवटी कटर तुकडे पाडतो. रोलांचा संच महाग पडत असल्याने ही पद्धत मोठ्या उत्पादनालाच परवडते.