असेम्बलर नावाचा कारकून

मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला वहीत चार रकाने आखायचे: पत्ता, ऑपकोड, लेबल, सूचना. १९७६ सालचा इंटेल ८०८५ आपल्या पॉलिटेक्निकांतल्या किटमध्ये कित्येक वर्षे टिकला आणि त्याच्याबरोबर हे पानही. ‘एमव्हीआय सी, ०५’ म्हणजे सी रजिस्टरमध्ये पाच ठेव. तक्त्यात त्याचा ऑपकोड, म्हणजे यंत्राला कळणारा आकडा, ०ई; त्यामागे ०५. ‘डीसीआर सी’ म्हणजे त्यातून एक वजा कर: ०डी. हे आकडे शोधायचे आणि किटच्या कळा दाबून भरायचे. हीच खर्डेघाशी जो प्रोग्राम करतो, तो असेम्बलर.

तक्ता पाहणे सोपे. मेख पत्त्यांत आहे. सीमध्ये शून्य होईपर्यंत मागे जा, असे सांगणारी ‘जेएनझेड’ सूचना म्हणजे सी२ आणि पुढे पत्ता. २००२ वर जायचे तर लिहायचे सी२ ०२ २०, पत्त्याची मागची जोडी आधी. सुरुवातीला एका बाइटची सूचना राहिल्याचे आठवले, की सगळे एक घर खाली सरकते आणि ०२ चे ०३ करावे लागते. अशा वीस उड्या असल्या तर रबर झिजते.

असेम्बलरला पत्ता नव्हे, नाव सांगायचे: ‘फेरी’. तो मजकूर बहुधा दोनदा वाचतो. पहिल्या वाचनात सूचनांचे बाइट मोजत प्रत्येक नावाचा पत्ता टिपतो, दुसऱ्यात ऑपकोड आणि पत्ते बसवतो. एकाच वाचनात अडचण होते, कारण उडी कधी पुढच्या, अजून न वाचलेल्या ओळीवर असते.

या कारकुनाचा पूर्वज केंब्रिजचा. तिथल्या एडसॅक यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालवला. बाविशीतल्या डेव्हिड व्हीलरने त्यासाठी ३१ सूचना रचल्या होत्या आणि त्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या स्विचांवर कायमच्या बसवल्या होत्या. त्या सूचना कागदी फीत वाचत; तिच्यावर ‘ए’ म्हणजे मिळव, ‘एस’ म्हणजे वजा कर. पत्ता साध्या दशमान आकड्यांत. द्विमान रूप यंत्रच करून घेई. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ४१ सूचना झाल्या आणि उपप्रोग्राम स्मृतीत कुठेही ठेवला तरी त्याचे पत्ते आपोआप जुळू लागले.

जावक क्रमांक टाकणारा कारकून अर्जातला मजकूर बदलत नाही, तसाच हा. ‘डीसीआर सी’ऐवजी चुकून ‘डीसीआर बी’ लिहा. तो निमूट ०५ टाकेल. मग फेऱ्या किती होतील, हे बीमध्ये आधीचे काय उरले आहे त्यावर. चूक शोधताना मात्र हाच निमूटपणा कामी येतो: यंत्रात जे गेले, ते आपणच लिहिलेले असते.