हौदाचे उदाहरण आणि पर्यावरणाचे व्यवस्थापन

एका तोटीने हौद भरतो, दुसरीने रिकामा होतो. दोन्ही एकदम सोडल्यास तो किती वेळात भरेल? शालेय अंकगणितातील हे उदाहरण आपणां सर्वांस परिचित आहे. पर्यावरणाच्या व्यवस्थापनात पडलेल्या अभियंत्यास वा अधिकाऱ्यास प्रणाली-विचार शिकवावयाचा म्हणजे प्रथम हेच उदाहरण पुन्हा शिकवावयाचे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हे विधान अतिशयोक्तीचे नाही. जे फॉरेस्टर यांनी ज्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रणाली-गतिशास्त्राचा पाया घातला, तेथीलच २१२ पदव्युत्तर विद्यार्थ्यांची जॉन स्टर्मन व लिंडा बूथ स्वीनी यांनी परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडचा साठा वाढत जाऊन स्थिर व्हावयाचा असेल, तर उत्सर्जनाचा आलेख कसा असावा, हा प्रश्न होता. ८४ टक्के उत्तरे द्रव्याच्या अक्षय्यतेच्या नियमाशीच विसंगत निघाली. साठा स्थिर होतो, तेव्हा आवकही स्थिर झाली की पुरे, असे बहुतेकांनी गृहीत धरले. वस्तुतः आवक जावकेहून अधिक आहे तोवर साठा वाढणारच.

उणीव माहितीची नव्हे. व्यावसायिकाच्या हाती बहुधा एकच तोटी असते आणि तीवरून तो हौदाचा अंदाज बांधतो. आपल्याकडील ठिबक सिंचन घ्या. उसास पाटाने दिलेल्या पाण्यापैकी काही भाग जमिनीत मुरून पुन्हा विहिरीस मिळतो. ठिबकने उपसा घटतो, तसे हे मुरणेही घटते. वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी एकरभर ऊस लावला, तर पिकांवाटे हवेत जाणारे पाणी वाढते आणि विहिरीची पातळी खालावते. कृषी अधिकाऱ्याच्या नोंदवहीत मात्र पाण्याची बचतच दिसते! कर्ज देणारी बँक आणि भूजल-वैज्ञानिक यांच्या नोंदी निराळ्याच. या तिघांस एकाच कागदावर एकच आकृती काढावयास बसविणे, हा माझ्या मते अभ्यासक्रमाचा गाभा होय. बाणांची गुंतागुंतीची जाळी काढण्याचा सोस येथे आवरावा. साठा कोणता आणि प्रवाह कोणते, एवढे ठरविण्यातच पहिला दिवस जातो.

दुसरी अडचण विलंबाची. ती व्याख्यानाने उमगत नाही. डेनिस मेडोज यांच्या ‘फिश बँक्स’ या खेळात मासेमारी कंपन्या चालविणारे गट नौका वाढवीत जातात. काही काळ मासळी भरपूर मिळते, आणि ती घटू लागल्याचे ध्यानी येते तेव्हा नौका आधीच अतोनात झालेल्या असतात. प्रत्येक डावापूर्वी आपला अंदाज लिहून घ्यावा. तो चुकला की नियमांकडे बोट दाखविण्याची सोय राहत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामसभा पर्जन्यमान पाहून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरविते. प्रशिक्षणार्थींनी तो ताळेबंद समोर ठेवून आपल्या तालुक्याचा मांडावा. रकाना रिकामा राहतो तो बहुधा मुरणाऱ्या पाण्याचा.