उजळाईवाडीचं आपलं विमानतळ

कोल्हापूरचं उजळाईवाडीतलं विमानतळ स्वातंत्र्याच्या आधीचं आहे, हे किती जणांना माहीत आहे? छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने १९३९ साली, संस्थानकाळात ते सुरू झालं. आज मालकी केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाची. १० मार्च २०२४ ला उद्घाटन झालेलं नवं टर्मिनल आवर्जून निरखून बघा: काळ्या दगडाचं काम, जुन्या वाड्यांसारख्या कमानी. काचेच्या एकसाची टर्मिनलांपेक्षा कितीतरी देखणं! शिवाय इथून उडणारी 'स्टार एअर' आपल्याच घोडावत समूहाची.

परदेशी जायचं तर मात्र मुंबई, पुणे किंवा गोव्यातलं मोपा गाठावं लागतं. कोल्हापुरातूनही थेट परदेशी विमानं उडायलाच हवीत! त्यासाठी आधी धावपट्टी आणखी लांब हवी. मोठ्या विमानांना सध्याची अपुरी पडते.