आपली पत्रे कुठे आहेत?

१८५१ साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात सोने सापडले आणि आयर्लंड-इंग्लंडमधल्या गरीब घरांतली भावंडे तिकडे धावली. त्यांनी मायदेशी धाडलेली पत्रे तिथल्या ग्रंथालयांनी जपली. आयर्लंड-ऑस्ट्रेलिया पत्रव्यवहारावर डेव्हिड फिट्झपॅट्रिक यांनी १९९४ साली ग्रंथ लिहिला. गरिबाच्या वेड्यावाकड्या अक्षरांतही इतिहास असतो, हे तिथे मान्य झाले. मग मी विचारतो, आपली पत्रे कुठे आहेत?

सोन्याच्या खाणीत आपली माणसे नव्हती असे नाही. १८८० नंतर कोलारला जॉन टेलर कंपनीने ज्यांना जमिनीच्या पोटात उतरवले, त्यांत मोठा भरणा तमिळ अस्पृश्यांचा होता. आमच्या खानदेशातला माणूस मात्र गिरणीत, रेल्वेत, पलटणीत गेला. धुळ्याहून चाळीसगाव आणि चाळीसगावहून मुंबई, ही त्याची वाट. देवपूरच्या आमच्या वस्तीतूनही धाकटा भाऊ मुंबईला आणि थोरला गावी, अशी घरे कितीतरी होती.

साधनेही होती. पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ साली आले, मनिऑर्डर १८८० साली. नव्हते ते अक्षर. ते आपल्यापासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवलेले. म्हणून भावाने भावाला धाडलेले पत्र मुंबईत तिसरा लिही आणि गावात चौथा वाची. वाचणारा बहुधा वरच्या आळीतला. त्याच्या ओट्याखाली उभे राहून ऐकायचे. अशा पत्रात कर्जाची, अपमानाची, घरच्या भांडणाची गोष्ट कोण लिहील? 'पत्रास कारण की, सर्व मंडळी खुशाल' एवढेच उरे. त्या कोरडेपणाला कोणी भावनेचे दारिद्र्य म्हणू नये. ती सावधगिरी होती.

निरक्षर घराला एकच पत्र स्वतः वाचता येई. कोपरा फाडलेले. कोपरा दिसला की रडणे सुरू होई. कोण गेले ते मागाहून कळे. आणि असे कार्ड घरात ठेवायचे नाही म्हणून ते लगेच फाडले जाई.

पत्र दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असणे म्हणजे काय, ते बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये सांगितले आहे. १९०१ साली ते, त्यांचे भाऊ आणि भाचे साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघाले. येत असल्याचे पत्र आधी धाडले होते. नोकर ते वडिलांना द्यायला विसरला. मसूर स्टेशनावर घ्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवाले फिरले. दुप्पट भाडे कबूल करून पोरांनी गाडी स्वतः हाकली आणि रात्रभर पाण्यावाचून काढली. विसराळू नोकर कोणाच्याही घरी असू शकतो. त्याच्या विसरण्याची शिक्षा तहानेने भोगावी लागते ती मात्र अस्पृश्याच्या पोरांना.

तरीही एक कागद आपल्याकडे उरला आहे. मनिऑर्डरच्या फॉर्मची खालची चिठ्ठी पैसे घेणाऱ्याकडे राहत असे. तिच्यावर धाडणाऱ्याचे नाव, पत्ता, रक्कम आणि दोन ओळींची जागा. माझ्या आत्याने भावाच्या अशा चिठ्ठ्या तारेला टोचून ठेवल्या होत्या. तिला एकही वाचता येत नव्हती. पैसे घेताना तिचा अंगठा आणि शेजारी साक्षीदाराची सही लागे. मी त्या चिठ्ठ्या क्रमाने लावल्या तेव्हा पत्ता चार वेळा बदललेला दिसला, रक्कम कमी-जास्त झालेली दिसली आणि काही महिने कोरे दिसले. काम सुटले, खोली सुटली, आजार आला, हे त्याने कधी लिहिले नाही. चिठ्ठ्यांच्या तारखांनी सांगितले. मधल्या एका चिठ्ठीपासून 'रामराम' गेला आणि 'जयभीम' आला. तो बदल कोणत्याही लेखनिकाने सुचवलेला नाही.

प्रस्थापित इतिहासकार म्हणतात, दलितांची कागदपत्रे नाहीत. त्यांनी आमच्या तारा पाहिलेल्या नाहीत. वाचकांनी आपापल्या घरच्या पत्र्याच्या पेट्या उघडाव्यात. चिठ्ठी सापडली तर तारीख, पत्ता आणि रक्कम वहीत उतरवावी, आणि घरात म्हातारे माणूस असेल तर त्या महिन्यात काय घडले ते आजच विचारावे.