पाणी, डिंक आणि नानाजानची वही

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. आमच्या खालाजानच्या घरातही गुडघाभर पाणी होते. गाद्या गेल्या, धान्य गेले. पण त्या रडल्या लोखंडी पेटीतल्या पुस्तकांसाठी. त्यांत नानाजानच्या हाताने लिहिलेली उर्दू वही होती.

मदतीला गेलेल्या आम्ही घाईत दोन चुका केल्या. ओल्या पानावरचा चिखल फडक्याने पुसला, तर दोन ओळी चिखलाबरोबर गेल्या. वही वाळल्यावर सुटलेला पुठ्ठा फेविकॉलने चिकटवला. तो वाकडा बसला म्हणून ओढला, तर कागदच फाटला. शाळेत मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या आम्हाला हे आधी सुचायला हवे होते.

पहिली चूक डिंकाची. जुनी रोशनाई म्हणजे दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक. काजळी पाण्यात विरघळत नाही. तिला कागदावर धरून ठेवतो तो डिंक मात्र विरघळतो. लहानपणी आपण तख्ती धुऊन रोज नवी करत होतो, ती याच गुणामुळे. ओली वही पुसणे म्हणजे तख्ती धुणेच!

मैद्याच्या खळीचेही तसेच. मैदा पाण्यात शिजवला की त्यातील स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि त्यांच्या लांब साखळ्या कागदाच्या तंतूंना बिलगतात. हे बंध दुर्बळ, पण असंख्य असतात. पुन्हा पाणी लागले की पाण्याचे रेणू मध्ये शिरतात आणि पकड सुटते.

फेविकॉलसारखा पांढरा गोंद वेगळा. त्यात पॉलिव्हिनाइल असिटेटचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की कण एकमेकांत मिसळून पारदर्शक पापुद्रा होतो. म्हणून ओला गोंद हातावरून सहज धुतला जातो; वाळलेला पाण्याने मऊ, पांढुरका होतो, पण पुन्हा पातळ होत नाही. फर्निचरला हा गुण चांगला, जुन्या वहीला नाही.

फेविक्विकसारख्या गोंदाची तर उलटीच तऱ्हा. त्यातील सायनोअक्रिलेट हवेतल्या आणि त्वचेवरच्या ओलाव्यानेच घट्ट होते. बोटे चिकटली तर ओढू नका. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा. तो सुती कपड्यावर सांडला तर इतका तापतो की भाजू शकते. मुलांच्या हाती तो देऊ नका.

पुस्तके भिजली तर काय करावे? पुसू नका, उन्हात टाकू नका. पानांमध्ये कोरा, शोषणारा कागद ठेवून पंख्याखाली वाळवा आणि कागद वारंवार बदला. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात वाळवणे शक्य नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीने एकेक बाहेर काढा. गुळगुळीत कागदाची पाने मात्र ओली असतानाच वेगळी करा. वाळली की त्यांचा लेप एकमेकांना चिकटून वीट होते.

दुरुस्तीला पातळ खळच वापरा. तिला झुरळे लागतात म्हणून बाइंडर तीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, घरी घालू नका. पुस्तक कोरड्या जागी ठेवले की पुरते.

खालाजानच्या वहीचा पुठ्ठा आम्ही पुन्हा खळीने बसवला. फाटलेला कोपरा तसाच आहे, त्या दोन ओळीही परत येणार नाहीत. पण उद्या आमच्याहून जाणते कोणी ती दुरुस्त करू लागले, तर ओल्या कापडाने आमचा जोड अलगद सुटेल. पेटी आता माळ्यावर आहे.